गारपीट (सोलापूर जिल्हा)

गडगडाटी मेघातून बर्फाच्या गोळ्यांचा जमिनीवर होणारा वर्षाव म्हणजे गारपीट. ५ मिमी. किंवा त्याहून अधिक व्यासाच्या गोळ्यालाच हवामानशास्त्रात गार म्हणतात. त्याहून लहान, चिमटीत चुरडले जाणारे पांढरे कण वेगळ्या वर्गात मोडतात. सोलापूर जिल्ह्यात गारपीट प्रामुख्याने फेब्रुवारी ते मे या काळात होते. भारतीय हवामानशास्त्र विभाग जानेवारी व फेब्रुवारी हे महिने हिवाळ्यात आणि मार्च ते मे हे महिने मोसमी पावसाच्या पूर्वकाळात धरतो. या दोहोंच्या सांध्यावर, म्हणजे साधारणतः फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत होणाऱ्या गारपिटीचाच येथे मुख्यतः विचार केला आहे. मे महिन्यात वळवाबरोबर गारा पडतात तेव्हा रब्बीची शेते बहुधा मोकळी झालेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र वर्षभराचे पीक उभे किंवा काढणीला आलेले असते.

उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात येणारे बर्फाचे वादळ या घटनेहून मुळातच भिन्न आहे. तेथे वरच्या उबदार थरात हिम वितळून त्याचे पाणी होते, जमिनीलगतच्या शून्य अंशाखालील पातळ थरातून येताना ते थेंब अतिशीत होतात, म्हणजे शून्याखालीही द्रवरूपच राहतात, आणि झाडे, विजेच्या तारा किंवा रस्ते यांना टेकताच गोठून त्यांवर काचेसारखा थर चढवतात. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक व ऑन्टॅरिओ प्रांतांत अशा थराच्या भाराने वीजवाहिन्यांचे मनोरे कोसळले आणि लाखो घरे अंधारात राहिली. सोलापुरात थंडीच्या लाटेतही किमान तापमान शून्याच्या बरेच वर राहते. त्यामुळे येथे बर्फ पडतो तो गारांच्याच रूपाने, आणि तो जमिनीवरच्या थंडीने नव्हे तर काही किलोमीटर उंचीवर तयार झालेला असतो.

गार कशी वाढते याविषयी दीर्घकाळ मतभेद राहिले आहेत. विजेच्या घटाचा शोध लावणारे इटालियन शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी विरुद्ध विद्युत्‌भार असलेल्या दोन मेघांमध्ये बर्फाचे कण वरखाली फेकले जातात व त्यातून गार मोठी होते, असे मत मांडले होते. ते पुढे मागे पडले. त्यानंतर ऊर्ध्व प्रवाहाचा, म्हणजे मेघात वेगाने वर चढणाऱ्या हवेचा, विचार पुढे आला. मेघातील पाण्याचे थेंब शून्याखालच्या तापमानातही काही काळ द्रवरूपच राहतात, बर्फाच्या किंवा गोठलेल्या थेंबाच्या बीजावर आदळताच ते गोठतात आणि गोळा वाढत जातो, याविषयी आता दुमत नाही. वाद आहे तो थरांविषयी. ताजी गार मधोमध कापून उजेडासमोर धरली, तर एका दुधी कड्याभोवती एक पारदर्शक कडे, त्याभोवती पुन्हा दुधी, अशी रचना दिसते. पाठ्यपुस्तकांतून अजूनही असे शिकवले जाते की गार वारंवार खाली येते व पुन्हा वर फेकली जाते, आणि प्रत्येक फेरीत एक थर चढतो. गारेच्या निरनिराळ्या थरांतील ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वस्तुमानांच्या अणूंच्या) मापनातून आणि रडारच्या निरीक्षणांतून पुढे आलेला पक्ष असा की, बहुतेक गारा रुंद ऊर्ध्व प्रवाहातून एकदाच, तिरकस वाटेने जातात. वाटेत पाण्याचे प्रमाण कमी असेल तर थेंब तत्काळ गोठून हवेचे बुडबुडे आत अडकतात व थर दुधी होतो. पाणी भरपूर असेल तर ते गारेवर पसरून सावकाश गोठते व थर पारदर्शक होतो. फेऱ्यांची कल्पना काही गारांना लागू पडत असेल. तथापि थरांची संख्या मोजून गार किती वेळा वर गेली हे सांगण्यास आज पुरेसा आधार राहिलेला नाही. गारेच्या आकाराचा संबंध फेऱ्यांच्या संख्येशी जोडण्यापेक्षा ऊर्ध्व प्रवाहाच्या जोराशी व रुंदीशी जोडणे अधिक ग्राह्य वाटते.

दख्खनच्या पठारावर शून्य अंशाची पातळी या दिवसांत साधारणतः ४ ते ५ किमी. उंचीवर असते. हिवाळ्याच्या अखेरीस उत्तर भारतातून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभाची (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालीची) द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, कधीकधी बरीच दक्षिणेकडे उतरते. तिच्यामुळे वरच्या थरात थंड, कोरडी हवा येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरील प्रतिचक्रवाताभोवतीचे (जास्त दाबाच्या क्षेत्राभोवतीचे) वारे खालच्या थरात बाष्प आणतात. दुपारी तापलेल्या जमिनीवर या दोन प्रवाहांची गाठ पडली की मेघ झपाट्याने उंचावतात. २०१४ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी प्रदीर्घ गारपीट झाली आणि जिच्यात सोलापूर जिल्ह्यासह मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्राचा मोठा भाग सापडला, तिच्या मुळाशी हीच स्थिती होती. तिचा संबंध थेट जागतिक तापमानवाढीशी जोडण्याचा प्रयत्नही झाला. एकाच घटनेवरून असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. गारपिटीच्या जुन्या नोंदी विरळ असल्याने तिची वारंवारता वाढली की केवळ नोंद वाढली, हा प्रश्न खुला आहे. भारतातील गारपिटींचे पहिले पद्धतशीर संकलन सरकारी हवामान खात्याचे प्रमुख जॉन एलियट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले.

गारपिटीचा माग काढणे हे सोलापुरात विशेष अवघड आहे. गारांचा पट्टा बहुधा काहीशे मीटर ते काही किलोमीटर एवढाच रुंद असतो, आणि वरच्या पश्चिमी वाऱ्यांमुळे तो सामान्यतः पश्चिम किंवा नैर्ऋत्येकडून पूर्व वा ईशान्येकडे सरकतो. पट्ट्याच्या एका कडेची बाग उघडी पडते आणि बांधापलीकडची सुरक्षित राहते. हैदराबादचे डॉपलर रडार सोलापूरपासून सुमारे २७० किमी. दूर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याची सर्वांत खालची किरणशलाकाही सोलापूरवर येईपर्यंत जमिनीपासून ६ ते ७ किमी. उंच गेलेली असते, म्हणजे मेघाचा खालचा भाग तिला दिसतच नाही. मुंबई त्याहून दूर आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात कृत्रिम पर्जन्याचा शास्त्रीय प्रयोग केला, तेव्हा येथे सी-पट्ट्यातील (सुमारे ५ सेंमी. लांबीच्या लहरींचे) रडार वापरण्यात आले. ते मोसमी मेघांच्या अभ्यासासाठी होते. शिवाय या पट्ट्यातील लहरी तीव्र पाऊस व गारा यांतून जाताना लक्षणीय प्रमाणात क्षीण होतात. शून्य अंशाच्या पातळीच्या किमान १.४ किमी. वर ४५ डीबीझेडचा (रडारकडे परतणाऱ्या लहरींची तीव्रता सांगणारे एकक) प्रतिध्वनी आढळल्यास गारांची शक्यता धरावी, हा स्वित्झर्लंडमधील अभ्यासातून आलेला निकष सर्वत्र वापरला जातो. समशीतोष्ण प्रदेशासाठी बसवलेला हा निकष दख्खनवर जसाच्या तसा लावताना सावधगिरी हवी, कारण येथे शून्य अंशाची पातळी उंच असल्याने पुष्कळशा लहान गारा खाली येईपर्यंत वितळून जातात.

महसूल मंडळ पातळीवरील स्वयंचलित हवामान केंद्रे पाऊस, वारा, तापमान व आर्द्रता नोंदवतात, गारा नोंदवत नाहीत. पर्जन्यमापकात पडलेली गार वितळून पाणी झाल्यावरच मोजली जाते. वेधशाळेतील निरीक्षक गडगडाटासह गारा पडल्याचे संकेतांक ९६ किंवा ९९ ने कळवतो, पण ती नोंद एका जागेची असते. म्हणून गारपीट नेमकी कोणत्या शिवारातून गेली याचा सर्वांत तपशीलवार दस्तऐवज आजही पंचनामा हाच आहे. तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांनी मिळून केलेल्या या पाहणीत गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी लिहिली जाते. भरपाईसाठी तयार होणारे हे कागद एकत्र नकाशावर मांडले, तर गारांच्या पट्ट्याची रुंदी व दिशा कोणत्याही यंत्रापेक्षा बारकाईने कळू शकते. तसे ते मांडले जावेत, ही गरज येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

गार ही आपत्ती प्रतिसाद निधीसाठी मान्य आपत्ती आहे. मदतीसाठी नुकसानीची किमान मर्यादा २०१५ साली ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ रचनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती धरून ७२ तासांत सूचना देण्याची अट होती. फळबागांच्या हवामान आधारित विम्यात गारांचे संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागते.

१ सेंमी. व्यासाची गार ताशी सुमारे ५० किमी., तर ४ सेंमी. व्यासाची ताशी ८० ते १०० किमी. वेगाने जमिनीवर येते. मंगळवेढा व बार्शी भागांतील रब्बी ज्वारी या मार्‍याने लोळते, कणसातील दाणे काळे पडतात आणि कडबा कुजू लागल्याने जनावरांच्या वैरणीचाही प्रश्न उभा राहतो. पंढरपूर तालुक्यातील व नान्नज परिसरातील द्राक्षे तेव्हा तोडणीला आलेली असतात. मणी फुटून गळणारा रस शेजारच्या चांगल्या मण्यांवर पसरतो व त्यावर बुरशी वाढते, त्यामुळे गारेचा घाव न लागलेला घडही दोन-तीन दिवसांत हातचा जातो. बेदाण्यासाठी शेडमध्ये वाळत घातलेला माल भिजून काळवंडतो. ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या, कायम फांद्यांवर) झालेल्या जखमांचा परिणाम पुढील हंगामातही राहतो, पण पंचनाम्यात तो धरला जात नाही.

सांगोला व मोहोळ तालुक्यांतील डाळिंबावरचा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. हस्त बहाराची (पावसाळ्याच्या अखेरीस धरलेल्या बहाराची) फळे या काळात काढणीजवळ असतात आणि आंबे बहाराला (हिवाळ्याच्या अखेरीच्या बहाराला) फुले लागलेली असतात, म्हणजे एकाच गारपिटीत दोन्ही बहारांच्या बागा सापडतात. सालीवर गार लागलेली जागा आधी फिकी, मग तपकिरी व टणक होते. फळ पुढे वाढले की तेथेच तडकते. याहून मोठे भय तेल्या रोगाचे असते. त्याचे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतात व जखमांतून आत शिरतात, आणि गारपीट या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडवते. म्हणून फुटलेली फळे व मोडक्या फांद्या त्वरित काढून नष्ट करणे आणि बोर्डो मिश्रण फवारणे, हा उपचार पहिल्या दोन दिवसांतच करण्याची शिफारस आहे.

मेघांवर तोफा डागून गारा थोपवण्याचा प्रयोग ऑस्ट्रियात १८९६ च्या सुमारास सुरू झाला व युरोपभर पसरला. जागतिक हवामान संघटनेने त्यास शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे. गारपीटरोधक जाळी हा खात्रीचा उपाय आहे. तिचा खर्च मोठा असून तिने बागेतील प्रकाश काहीसा कमी होतो. त्यामुळे ती अद्याप मोजक्याच बागांवर दिसते.