गाडीतील स्टीरिओला मोबाईल जोडताना : आवाजाच्या सेटिंग्जविषयी माहिती

फोन स्टीरिओला जोडलेला दिसतो, कॉलही व्यवस्थित येतात, परंतु गाणे लावले की आवाज फोनमधूनच येतो, ही आमच्याकडे वारंवार येणारी तक्रार आहे. त्यासाठी डॅशबोर्ड उघडण्याची गरज सहसा पडत नाही. ब्लूटूथवर कॉल आणि गाणी यांच्यासाठी एचएफपी आणि एटूडीपी अशा दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. त्यांपैकी एक बंद असली तरी दुसरी चालू राहते आणि स्क्रीनवर फोन जोडलेलाच दिसतो.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘कनेक्टेड डिव्हायसेस’ किंवा ‘ब्लूटूथ’ या भागात स्टीरिओच्या नावासमोर दातेरी चाकाचे चिन्ह असते. त्यावर बोट ठेवल्यास फोन कॉल, मीडिया ऑडिओ आणि कॉन्टॅक्ट्स यांची वेगवेगळी बटणे दिसतात. गाणी ऐकू येत नसतील, तर मीडिया ऑडिओचे बटण चालू आहे का, हे प्रथम पाहावे. आयफोनमध्ये अशी स्वतंत्र बटणे नसतात. तेथे स्टीरिओच्या नावापुढील ‘आय’ या चिन्हावर जाऊन ‘डिव्हाइस टाइप’मध्ये ‘कार स्टीरिओ’ निवडावे. एवढे करूनही फरक न पडल्यास फोनमधून स्टीरिओचे नाव आणि स्टीरिओमधून फोनचे नाव, अशी दोन्हीकडील नोंद काढून जोडणी नव्याने करावी. एकाच बाजूची नोंद काढल्यास जुनी जोडणी अर्धवट शिल्लक राहते आणि पुन्हा जोडताना अडचण येते.

आवाज बारीक येणे किंवा खरखर होणे ही दुसरी नेहमीची तक्रार. फोनचा आवाज कमी ठेवून स्टीरिओचा वाढवला, तर गाण्याबरोबर खरखरही वाढते. म्हणून गाणे चालू असताना फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमीजास्त करण्याचे काम स्टीरिओच्या बटणावर सोडावे. कॉलचा आवाज मात्र कॉल चालू असतानाच बदलावा लागतो, कारण त्याची पातळी गाण्यांपेक्षा वेगळी साठवली जाते. कॉलवरील आवाज गाण्यांइतका भरदार नसतो, हा स्पीकरचा दोष नव्हे. कॉलमध्ये एकाच वेळी दोन्ही बाजूंचा आवाज न्यावा लागत असल्याने तो मोनो असतो आणि त्याचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा, नव्या उपकरणांत, १६,००० वेळा घेतले जातात. सीडीवरील संगीतासाठी हाच आकडा ४४,१०० आहे.

स्टीरिओवर एफएम किंवा पेनड्राइव्ह चालू असताना गूगल मॅप्सच्या सूचना ऐकू आल्या नाहीत, तर आश्चर्य वाटू देऊ नये. त्या गाण्यांच्याच वाटेने येतात, त्यामुळे सोर्स ब्लूटूथवर ठेवावा लागतो. रेडिओच हवा असेल, तर मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंग्जमधील ब्लूटूथवरून आवाज देण्याचा पर्याय बंद करावा, म्हणजे सूचना फोनच्या स्पीकरवर येतात.

गाडी घरातील दोघे चालवत असतील, तर बहुतेक स्टीरिओ शेवटी जोडलेला फोन आधी शोधतात. मागच्या सीटवर बसलेल्याचा कॉल भर गाडीत सर्वांना ऐकू जाणे कोणालाच रुचत नाही. त्या व्यक्तीच्या अँड्रॉइड फोनमध्ये केवळ ‘फोन कॉल’चे बटण बंद करावे.

हे सर्व बदल गाडी उभी असतानाच करावेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन वापरण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

जुनी गाडी विकताना स्टीरिओमधील जोडलेल्या फोनची यादी आणि कॉन्टॅक्ट्स आठवणीने पुसावेत, कारण फोन काढून नेला तरी ती नावे आणि नंबर अनेक स्टीरिओंच्या मेमरीत तसेच राहतात. स्टीरिओच्या सेटिंग्जमधील ‘फॅक्टरी रीसेट’ने हे काम एकदम होते. तपासणीसाठी गाडी आमच्याकडे आणताना ज्या फोनवर अडचण येते तोच फोन सोबत आणावा; दुसऱ्या फोनवर सर्व सुरळीत चालते आणि दोष सापडत नाही.