क्रेडिट की प्लेसमेंट? अमेरिकी हायस्कूलमधील कॉलेज-गणिताची पार्श्वभूमी

अमेरिकेत हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या गणिताचे क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे श्रेयांक, मिळवण्यावरून आज जो वाद चालतो, त्याचा बराचसा गुंता नावातच आहे. 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' म्हणजे एपी ही हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकून राष्ट्रीय परीक्षा देण्याची योजना, आणि या नावात क्रेडिट हा शब्द नाही. शाळेत कॅल्क्युलस (कलन) नीट शिकून आलेल्या मुलाला कॉलेजात पुन्हा तेच शिकवत न बसता थेट पुढच्या वर्गात बसवावे, एवढीच 1950च्या दशकातील मूळ कल्पना होती. 1956च्या मे महिन्यात पहिल्या राष्ट्रीय परीक्षा झाल्या तेव्हा सर्व विषय मिळून जेमतेम बाराशे विद्यार्थी बसले. ही निवडक शाळांतली, निवडक कॉलेजांकडे निघालेली मुले होती आणि त्यांची फी वाचवणे हा कोणाचाच हेतू नव्हता.

1969 मध्ये गणिताच्या परीक्षेचे 'कॅल्क्युलस एबी' आणि 'कॅल्क्युलस बीसी' असे दोन भाग झाले. या अक्षरांचा तुकडीशी किंवा श्रेणीशी काही संबंध नाही. ए म्हणजे फलांची (फंक्शन्सची) प्राथमिक तयारी, बी म्हणजे विकलन आणि संकलन, सी म्हणजे अनंत श्रेढी आणि त्यापुढचे विषय, अशी ती वाटणी होती. एबी शिकणारा तयारीपासून सुरुवात करी, बीसी शिकणारा ती आधीच उरकून येई. कालांतराने एबीतला 'ए' जवळजवळ विरून गेला, अक्षर मात्र टिकले. 2023-24 मध्ये 'प्रीकॅल्क्युलस' हा स्वतंत्र एपी विषय सुरू झाला, तो एका अर्थी त्या हरवलेल्या 'ए'चेच पुनरागमन म्हणायला हरकत नाही.

ही परीक्षा निवडक शाळांबाहेर गेल्याची खूण म्हणून 1982 मधला पूर्व लॉस एंजेलिसचा प्रसंग अजून सांगितला जातो. तिथल्या कष्टकरी वस्तीतील एका सरकारी शाळेचे 18 विद्यार्थी एबीला बसले आणि सगळे उत्तीर्ण झाले. उत्तरांतल्या चुका सारख्या दिसतात म्हणून 14 जणांवर संशय घेण्यात आला. त्यांतील 12 जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले.

दुसरी वाट 'ड्युअल एनरोलमेंट'ची, म्हणजे हायस्कूल आणि कॉलेज अशा दोन्हीकडे एकाच वेळी नाव नोंदवण्याची. 1985 मध्ये मिनेसोटाने कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चाने कॉलेजचे वर्ग खुले केले आणि इतर राज्ये त्यामागून गेली. इथे एका दिवसाच्या परीक्षेवर भिस्त नसते, पूर्ण सत्राच्या कामावर ग्रेड मिळते. पण सोळाव्या वर्षी मिळालेली 'सी' ग्रेड कॉलेजच्या गुणपत्रकावर कायमची राहते, ही गोष्ट पालकांना बहुधा उशिरा कळते.

खरी ठिणगी पडली ती 'तीन'च्या आकड्यावरून. एपीचे गुण 1 ते 5 असे असतात. 3 म्हणजे पात्र आणि 5 म्हणजे अत्यंत पात्र. कोणत्या गुणाला काय द्यायचे हे पूर्वी ज्याचे त्याने ठरवायचे. कॉलेजची फी वाढत गेली तसे क्रेडिट म्हणजे रोख बचत झाली, आणि 2015 मध्ये इलिनॉय आणि टेक्सास या राज्यांनी आपल्या सरकारी विद्यापीठांना 3 गुणांवर क्रेडिट देणे कायद्याने भाग पाडले. खासगी संस्थांचा कल उलट दिसतो. न्यू हॅम्पशायरमधील एका जुन्या कॉलेजाने 2014 मध्ये आलेल्या तुकडीपासून एपीचे क्रेडिट बंद करून फक्त प्लेसमेंट ठेवली, म्हणजे 1950च्या दशकातल्या मूळ अर्थाकडे ते परतले. मॅसॅच्युसेट्समधील एक नामवंत तंत्रविद्यापीठ बीसीत 5 असतील तरच पहिल्या कॅल्क्युलसचे क्रेडिट देते आणि एबीला काहीच देत नाही.

कायदे करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण गणिताचा स्वभाव त्यांनी पुरेसा लक्षात घेतला असे वाटत नाही. इतिहासात 3 मिळवणारा विद्यार्थी पुढच्या वर्षी दुसऱ्या कालखंडाचा अभ्यास करू शकतो. गणितात कॅल्क्युलस 2 हे कॅल्क्युलस 1च्या खांद्यावर उभे असते, आणि संकलनाची पद्धत कच्ची राहिलेली मुलगी दुसऱ्याच महिन्यात अडखळते. गणिताच्या प्राध्यापकांची आणि शिक्षकांची अशा दोन राष्ट्रीय संघटनांनी 2012 मध्ये संयुक्त निवेदन काढून, कॅल्क्युलसकडे धावण्यापेक्षा आधीचा पाया पक्का करण्यावर भर दिला, त्यामागे हीच चिंता होती. धावपळ तर खूप आधीच सुरू होते. बारावीत कॅल्क्युलस हवे तर नेहमीच्या क्रमाने आठवीतच बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम पुरा व्हावा लागतो.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियातील बे एरियात राहणाऱ्या मराठी पालकांचा गोंधळ आणखी एका शब्दाने वाढतो. आपल्याकडे 1970च्या दशकात 10+2+3 ही रचना आल्यापासून अकरावी-बारावीलाच ज्युनियर कॉलेज म्हणतात, पण तिथल्या कलनाचे पदवीच्या खात्यात काहीही जमा होत नाही. 'श्रेयांक' हा शब्द तर नव्या शैक्षणिक धोरणानंतरच घरोघरी पोचला. त्यामुळे 'कॉलेजचे क्रेडिट मिळाले' हे ऐकले की वर्ग सुटला असे गृहीत धरले जाते. ते नेहमीच खरे नसते. 3 गुणांवर मिळालेले क्रेडिट काही विद्यापीठांत नुसते ऐच्छिक विषयाखाली नोंदवले जाते आणि अभियांत्रिकीचा विभाग त्याच विद्यार्थिनीला कॅल्क्युलस 1ला बसायला सांगतो. आणि क्रेडिट कॅल्क्युलस 1च्याच नावावर नोंदले असून ती तो वर्ग पुन्हा करते, तेव्हा आधीचे क्रेडिट सहसा रद्द होते, कारण एकाच अभ्यासक्रमाचे क्रेडिट दोनदा मोजत नाहीत.