चॅटबॉट व व्यक्तिस्वभावाचे आकलन

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा चॅटबॉट एखाद्या विशिष्ट माणसाचा स्वभाव, त्याच्या वागण्यामागची कारणे आणि त्याचे पुढचे वर्तन कितपत ओळखू शकतो व ही ओळख कोठे अडते, हा मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र या दोन्ही शाखांत अभ्यासला जाणारा विषय आहे. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी हा चॅटबॉट सर्वांसाठी खुला झाल्यावर हा विषय रोजच्या व्यवहारात आला. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी असो की करवीर तालुक्यातला ऊस-उत्पादक, अर्जाचा मसुदा किंवा खताची मात्रा विचारता विचारता माणूस घरातले वाद, न जमणारे लग्न, भावाचे तुटक वागणे असे विषयही त्याच मोबाइलवर मांडू लागतो, आणि मिळणारे उत्तर इतके आपुलकीचे असते की आपल्याला कोणीतरी नेमके ओळखले, असा समज सहज होतो.

हा समज चॅटबॉटइतकाच जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी तयार केलेल्या ‘एलायझा’ या प्रोग्रामची माहिती 1966 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचे ‘डॉक्टर’ नावाचे रूप मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका करी. समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द उचलून तो प्रश्नाच्या रूपात परत करी, आणि वडिलांचा उल्लेख आला की घरच्यांविषयी आणखी सांगायला सांगे. यात आकलनाचा लवलेश नव्हता. तरीही लोक त्याच्याशी खासगी बोलू लागले, आणि ते पाहून अस्वस्थ झालेले वायझेनबाउम पुढे या क्षेत्राचेच कठोर टीकाकार बनले.

आजच्या चॅटबॉटचा पाया असलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना 2017 ची आहे. अफाट मजकुरावर प्रशिक्षण घेतलेले प्रारूप (मॉडेल) दिलेल्या मजकुरानंतर कोणता शब्द किंवा शब्दखंड येणे संभवते, हे पायरीपायरीने ठरवत जाते. माणसे रागावल्यावर, खचल्यावर, पैशांत अडकल्यावर सहसा काय बोलतात आणि काय करतात, याचे फार दाट ज्ञान या प्रक्रियेतून साठते व त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र हे ज्ञान अनेकांच्या लेखनातून गोळा झालेले, म्हणजे समूहाचे असते. समोरच्या एका माणसाविषयी यंत्राच्या हाती असतात त्या संभाषणात टाइप केलेल्या ओळी आणि, स्मृतीची सोय सुरू असल्यास, आधीच्या बोलण्यातले काही टिपण. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1937 मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात दोन वाटा वेगळ्या केल्या होत्या: सर्वांना लागू पडणारे नियम शोधणे, आणि एका व्यक्तीचा तिच्यापुरता अभ्यास करणे. चॅटबॉटची ताकद पहिल्या वाटेवर आहे, तर वापरणाऱ्याची अपेक्षा बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेची असते.

कोल्हापुरात हा भेद पंचगंगेच्या पुरात दिसतो. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची इशारा पातळी 39 फूट व धोका पातळी 43 फूट धरली जाते. पाऊस आणि धरणांतून होणारा विसर्ग यांवरून पाणी केव्हा चढेल आणि कोणत्या गावांतील लोकांना हलवावे लागेल, याचा अंदाज प्रशासन बांधते. पण चिखलीसारख्या नदीकाठच्या गावात पाणी दारात आल्यावर एखादा शेतकरी बायकापोरांना पुढे धाडून म्हशींसाठी मागे थांबतो, आणि तेवढीच जमीन व तेवढीच जनावरे असलेला शेजारी दावी सोडून सर्वांआधी बाहेर पडतो. हा फरक वय, शिक्षण किंवा गोठ्यातल्या जनावरांची संख्या यांतून निघत नाही. कदाचित एकाने 2005 च्या किंवा 2019 च्या पुरात काही गमावले असेल आणि ते त्याने कधी कोणाला सांगितलेही नसेल. जे कधी बोलले-लिहिले गेले नाही, ते प्रशिक्षणाच्या मजकुरात येणे शक्यच नाही.

व्यक्तीच्या आयुष्याचे भाकीत किती अवघड असते, याचा एक मोठा पडताळा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील चार हजारांहून अधिक कुटुंबांची मुलांच्या जन्मापासून गोळा केलेली हजारो प्रकारची माहिती संशोधकांच्या 160 गटांना देण्यात आली आणि मूल पंधरा वर्षांचे असतानाची त्याची शालेय गुणवत्ता, घरातील हलाखी अशा सहा बाबींचे भाकीत करण्यास सांगण्यात आले. यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंग) आधुनिक पद्धती वापरूनही सर्वोत्तम भाकिते फारशी अचूक ठरली नाहीत. मोजक्या चार घटकांवर बेतलेल्या साध्या गणिताच्या ती थोडीशीच पुढे होती. हा प्रयोग चॅटबॉटचा नव्हता. तरी भरपूर माहिती जमवली की व्यक्ती आपोआप उलगडते, या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला.

दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे, कारण माणसाची पारख नेहमीच श्रेष्ठ असते असे नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी 1954 मध्येच दाखवून दिले होते की तज्ज्ञाच्या अंतःप्रेरणेपेक्षा साधे सांख्यिकी सूत्र सरासरीने कमी चुकते. 2015 च्या एका अभ्यासात फेसबुकवरील ‘लाइक’वरून संगणकाने केलेले स्वभावाचे मापन मित्र व नातेवाईक यांच्या मापनापेक्षा, त्या व्यक्तीने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीशी अधिक जुळले. मात्र अशा मापनात मिळतात ते बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता यांसारख्या पाच मापांवरचे गुण. एखादी व्यक्ती इतरांच्या तुलनेत कोठे बसते, हे त्यातून कळते; तिने काल घर का सोडले, हे कळत नाही. मील यांनीच दिलेले उदाहरण येथे चपखल आहे. दर आठवड्याला न चुकता चित्रपटाला जाणारा माणूस या आठवड्यातही जाईल, असे सूत्र सांगेल. त्याचा पाय मोडल्याचे ज्याला ठाऊक आहे, तो सूत्र बाजूला ठेवील.

नेमकेपणाचा आभास कसा तयार होतो, याचे स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांच्या प्रयोगात मिळते. 1948 मध्ये त्यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांना ‘तुमचे वैयक्तिक स्वभावचित्र’ म्हणून एकच मजकूर वाटला, जो ज्योतिषाच्या पुस्तकातील वाक्ये जुळवून केलेला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. राशिभविष्याच्या सदरावर पोसलेल्या मराठी वाचकाला याचे फार नवल वाटू नये. ‘तुम्ही बाहेरून खंबीर दिसता, पण आतून स्वतःविषयी साशंक असता’ हे वाक्य चॅटबॉटने लिहिले तरी ते तितक्याच जणांना लागू पडते. भर एवढीच, की यंत्र त्यात वापरणाऱ्याने नुकतेच सांगितलेले तपशील गुंफते, आणि म्हणून ते अधिक खरे भासते.

याहून गंभीर मर्यादा एकतर्फी माहितीची आहे. दोन भावांत बांधावरून वाद असतो, धाकटा रात्री मोबाइलवर लिहितो: ‘थोरल्याने दरवर्षी नांगर थोडा थोडा माझ्याकडे सरकवला, आई गप्प बसते, सांगा मी चुकतोय का?’ चॅटबॉट थोरल्याला कधी भेटलेला नाही. आई कशामुळे गप्प आहे, वडील गेल्यानंतर धाकट्याच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलला, हे कोणी न सांगितल्यामुळे त्याला माहीत नाही. गावात असा वाद मिटवायला बसलेले जाणते लोक थोरल्याला बोलावून घेतात, बांध पाहून येतात, मग बोलतात. यंत्राचा कल मात्र विचारणाऱ्याला पटेल ते सांगण्याकडे असतो, कारण माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवरून त्याला वळण लावलेले असते आणि माणसांना दुजोरा आवडतो. एप्रिल 2025 मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती अवाजवी खुशामत करू लागल्यामुळे ओपनएआय कंपनीला ती मागे घ्यावी लागली. भावाचा स्वभाव ‘वर्चस्ववादी’ आहे, असा निष्कर्ष अशा संभाषणात निघाला, तर तो भावाच्या स्वभावाचा नव्हे, धाकट्याच्या रागाचा आरसा असतो.

दीर्घ सहवासातून येणारे आकलन कसे असते, हे पाहायचे तर कोल्हापूरच्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतल्या वस्तादाकडे पाहावे. जत्रेतली मोठी कुस्ती आठ दिवसांवर आली असताना पैलवान गुडघा दुखतो म्हणून तक्रार करतो. चॅटबॉट विश्रांती, शेक, डॉक्टरांची भेट असा रास्त सल्ला देईल. वस्तादाने मात्र त्याच पैलवानाला पहाटेच्या जोर-बैठकांत पाहिलेले असते, हरल्यावर दोन दिवस जेवणाकडे न फिरकलेले पाहिलेले असते, आणि डावी बाजू धरणारा जोडीदार समोर आला की हा गडी आधीपासून कसा कचरतो, हेही त्याला माहीत असते. म्हणून तो आधी गुडघा दाबून पाहतो, मग त्याच जोडीदाराशी लढत लावून पाहतो. वस्तादही चुकतो, कधी खऱ्या दुखापतीला भीती समजून बसतो. पण त्याची चूक आठवड्याभरात मातीत उघडी पडते आणि तो आपले मत बदलतो. चॅटबॉटने दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले, हे वापरणाऱ्याने परत येऊन सांगितल्याशिवाय त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

भाषेची अडचण वेगळी आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे 8.3 कोटी आहेत, तरी आंतरजालावरील मजकुरात मराठीचा वाटा एक टक्क्याच्याही बराच खाली आहे. त्यातही बहुतांश बातम्या व औपचारिक लेखन असल्याने कोल्हापूरच्या रांगड्या बोलीतली थट्टा, शिवीतला जिव्हाळा आणि अबोल नाराजी यांचे नमुने प्रारूपाला फार थोडे मिळतात. जिव्हाळ्याची खेचाखेच भांडण म्हणून वाचली जाण्याचा धोका त्यामुळे वाढतो. मानसशास्त्रीय संशोधनाचा पायाही प्रामुख्याने पाश्चात्त्य, सुशिक्षित समाजावर उभा असल्याची टीका 2010 पासून ठळकपणे मांडली गेली आहे, आणि एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ‘स्वतःच्या मर्यादा आखा’ असा सल्ला वारंवार मिळतो, त्याचे मूळ काही अंशी येथे असावे.

स्वभावाविषयी यंत्राने काढलेल्या अनुमानांवर कायद्याचे लक्षही वळले आहे. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने नोकरीच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, फेब्रुवारी 2025 पासून बंदी घातली. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. सरकारला काही अपवाद करण्याची मुभा मात्र त्यात ठेवलेली आहे.