वेम्बलीतलं वर्गमूळ

24 मे 2025 रोजी इंग्लिश फुटबॉलमधल्या बढतीच्या अंतिम सामन्यात लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर शेफील्ड युनायटेड आणि संडरलंड हे क्लब समोरासमोर आले, तेव्हा गुणतक्त्यात दोघांमध्ये 14 गुणांचं अंतर होतं. शेफील्ड 90 गुणांवर तिसरे, संडरलंड 76 गुणांवर चौथे. शेफील्डचे 2 गुण दुसऱ्या क्लबांची देणी थकवल्याबद्दल कापले गेले होते, नाहीतर अंतर 16 झालं असतं. मध्यंतराला शेफील्ड 1-0 ने पुढे होते. 76व्या मिनिटाला संडरलंडच्या मायेंडाने बरोबरी साधली आणि 95व्या मिनिटाला त्यांच्याच 19 वर्षांच्या टॉम वॉटसनने विजयी गोल केला. संडरलंड प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात गेले, शेफील्ड होते तिथेच राहिले.

अशा निकालानंतर दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, हा धडधडीत अन्याय आहे. दुसरा म्हणतो, शेफील्डला मोठ्या सामन्याचं दडपणच झेपत नाही. माझ्या मते दोघेही गणित न करता बोलतात.

ज्यांना बढतीची ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रीमियर लीगच्या खालचा विभाग म्हणजे चॅम्पियनशिप. 24 संघ, प्रत्येकाचे 46 सामने. त्या मोसमाच्या नियमांनुसार पहिल्या दोघांना थेट बढती, आणि तिसऱ्या जागेसाठी तिसरा ते सहावा अशा चौघांत प्ले-ऑफ. तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा. दोन-दोन सामने, गोलांची बेरीज, मग वेम्बलीवर एकच अंतिम सामना. 1986-87च्या मोसमात ही पद्धत आली. तेव्हा प्रेक्षक रोडावले होते आणि एप्रिल उजाडेपर्यंत निम्म्या संघांना खेळायला काही कारणच उरत नसे.

आता मुद्द्याचं. फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात आणि सगळी गंमत त्यातच आहे. समजा, एका बलवान संघाची सरासरी सामन्याला 1.5 गोल आहे. 90 मिनिटांत दीड गोल, म्हणजे दर मिनिटाला 60 चिठ्ठ्यांच्या डब्यात हात घालायचा आणि त्यातल्या एकाच चिठ्ठीवर ‘गोल’ लिहिलेलं. दुबळ्या संघाची सरासरी 1.1 धरू, त्याच्या डब्यात 82 चिठ्ठ्या. बलवान संघाला 90 वेळा हात घालूनही एकही गोल न मिळण्याची शक्यता किती? 59 भागिले 60 ही संख्या 90 वेळा स्वतःशी गुणायची. उत्तर येतं सुमारे 0.22. म्हणजे चांगला खेळणारा संघसुद्धा जवळजवळ दर पाचव्या सामन्यात कोरडा राहणार, आणि त्यासाठी कुणी कच खाल्ली असं समजायचं कारण नाही.

चिठ्ठ्यांच्या या खेळाचं गणित प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवलं होतं. संधी पुष्कळ, प्रत्येक संधीत यश दुर्मीळ, आणि एका संधीचा दुसरीशी फारसा संबंध नाही, अशा प्रत्येक ठिकाणी प्वासाँ वितरण लागू पडतं. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या शिपायांची आकडेवारी त्यात चपखल बसते हे 1898 मध्ये बोर्टकिएविच यांनी दाखवलं. 1982 मध्ये माहेर नावाच्या संशोधकाने इंग्लिश फुटबॉलच्या गोलांवर ते बसवलं. पुढे 1997 मध्ये डिक्सन आणि कोल्स यांनी त्यात बारीकशी दुरुस्ती केली, कारण 0-0, 1-1 असे कमी गोलांचे निकाल साध्या सूत्राशी नीट जुळत नव्हते. आपल्याला इथे साधं सूत्र पुरे.

दोन्ही संघांच्या सगळ्या शक्यता एकमेकांशी गुणून बेरीज केली की एका सामन्याचं चित्र मिळतं: बलवान संघ जिंकेल 46 टक्के वेळा, बरोबरी 26 टक्के, आणि दुबळा जिंकेल 28 टक्के. बरोबरी जादा वेळ आणि पेनल्टींवर सुटते. ती ढोबळपणे निम्मी-निम्मी वाटली तर बलवानाच्या पदरात 59 पडतात. नाणेफेकीपेक्षा थोडं बरं, इतकंच.

मग 46 सामन्यांत काय बदलतं? सामन्यागणिक गोलफरकाची सरासरी 0.4 आणि त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीभोवती किती हेलकावे खातात त्याचं माप, 1.6. एका सामन्यात हेलकावा गुणवत्तेच्या चौपट! हेच दोन संघ एकमेकांशी 46 वेळा खेळले असं समजा. गुणवत्तेचा फरक सरळ 46 पटींनी वाढतो: 0.4 चे 18. हेलकावे मात्र एकमेकांना खोडत जातात, म्हणून ते 46 पटींनी न वाढता 46 च्या वर्गमुळाने, सुमारे 6.8 पटींनी वाढतात: 1.6 चे 11. आता 11 वर 18 भारी पडतात. मोसम संपताना बलवान संघाचा गोलफरक सरस असण्याची शक्यता 95 टक्क्यांच्या आसपास जाते. संघ तेच, डबे तेच, चिठ्ठ्याही तेवढ्याच. बदलली ती फक्त सामन्यांची संख्या. हे वर्गमूळ मला संख्याशास्त्रातल्या कुठल्याही प्रमेयाहून प्रिय आहे.

पण ‘अन्याय’ म्हणणाऱ्यांनी पुढची पायरीही चढावी. गुणतक्त्यातही हेलकावा शिल्लक असतोच. एका सामन्यातल्या गुणांचं प्रमाण विचलन साधारण 1.3 असतं, 46 सामन्यांत ते 9 च्या घरात जातं, आणि दोन संघांमधल्या फरकासाठी (पुन्हा वर्गमूळ, या वेळी 2 चं) 12 च्या वर. शेफील्ड आणि संडरलंडमधले 14 गुण या मापाने एका विचलनाहून जेमतेम जास्त. शेफील्ड बहुधा सरस होते. त्यातला ‘बहुधा’ गाळता येत नाही.

प्रत्यक्ष नोंद काय सांगते? 2005 ते 2025 या 21 मोसमांत चॅम्पियनशिपचा प्ले-ऑफ तिसऱ्या संघाने 9 वेळा जिंकला, चौथ्याने 6, पाचव्याने 4 आणि सहाव्याने 2 वेळा. गुणवत्ता बोलते, पण हळू आवाजात. 2017 मध्ये हडर्सफील्डचा मोसमाचा गोलफरक चक्क उणे 2 होता. पाचव्या क्रमांकावरून ते दोन वेळा पेनल्टी शूटआउट जिंकून प्रीमियर लीगमध्ये गेले.

राहिला दडपणाचा सिद्धान्त. शेफील्ड युनायटेडची प्ले-ऑफमधली ती दहावी हार होती, यश एकदाही नाही. चौघांपैकी एकाची सरशी, म्हणून दर वेळी हरण्याची शक्यता तीन चतुर्थांश धरा. दहा वेळा ओळीने हरण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या आसपास येते. इंग्लंडमध्ये प्ले-ऑफच्या वाऱ्या करणारे क्लब कितीतरी आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या वाट्याला हे यायचंच. ब्रेंटफर्ड नऊ वेळा हरले आणि 2021 मध्ये दहाव्यांदा जिंकले, तेव्हा कुणी त्यांच्या मानसिकतेवर प्रबंध लिहिले नाहीत.

यापुढची मजल कार्डिफमध्ये गाठली गेली. वेम्बलीची पुनर्बांधणी चालू असताना 2001 ते 2006 हे अंतिम सामने तिथल्या मिलेनियम स्टेडियमवर होत. दक्षिणेकडची ड्रेसिंग रूम मिळालेला संघ मोठ्या सामन्यांत ओळीने दहाहून जास्त वेळा हरला, आणि ती खोली पनवती ठरली. फेंगशुईवाल्याला बोलावून विधी झाला, भिंतीवर चित्रही रंगवलं गेलं. 2002 च्या प्ले-ऑफमध्ये स्टोक सिटी त्याच खोलीतून उतरून 2-0 ने जिंकले. नाणं ओळीने दहा वेळा छापाच पडण्याची शक्यता 1024 मध्ये एक, हे खरं. पण जगात स्टेडियमं किती, त्यांत खोल्या किती, जर्सीचे रंग, टॉसची बाजू, बसायची बाकं किती? एवढ्या ठिकाणी नजर ठेवली की 1024 मध्ये एक कुठेतरी सापडणारच. आपल्याकडे वास्तुदोषाचा धंदा याच हिशेबावर चालतो.

ज्याला गुणवत्तेचा आवाज थोडा वाढवायचा आहे त्याच्यासाठी इटलीच्या सेरी बीमध्ये, म्हणजे तिथल्या दुसऱ्या विभागात, एक सोपा नियम आहे: गोलांची बेरीज बरोबरीत सुटली तर तक्त्यात वर असलेला संघ पुढे जातो. आपल्या उदाहरणात एकाच सामन्यापुरता तो लावला, तर बरोबरीचे 26 टक्के बलवानाकडे जाऊन 59 चे 72 होतात. इंग्लंड हे करणार नाही, कारण शूटआउट पाहायलाच लोक टीव्हीसमोर बसतात. इटलीत याच नियमामुळे 2023 मध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या बारी या क्लबला घरच्या मैदानावर नुसती बरोबरी पुरे होती. समोर पाचव्या क्रमांकाचे कालियारी. 94व्या मिनिटाला पावोलेत्तीने गोल केला आणि बढती कालियारीला मिळाली.