सॅटचा वाचन-लेखन विभाग: सराव कसा करायचा आणि आम्ही तो कसा करून घेतो

नमस्कार.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासवर्गात चौकशीला येणाऱ्या मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे माहितीपत्रक आहे. फी आणि वेळापत्रकाचं समोरासमोर बोलू. त्याआधी ही परीक्षा नेमकं काय तपासते आणि सराव म्हणजे काय करायचं, एवढं वाचून घ्या. वाचल्यावर ‘हे तर घरीही जमेल’ असं वाटलं, तर जरूर घरी करा. लागणारं बहुतेक साहित्य फुकट मिळतं. ते कुठे मिळतं, हेही पुढे सांगितलं आहे.

ही परीक्षा कुणासाठी

अमेरिकेत पदवीला प्रवेश घ्यायचा असेल तर सॅटचे गुण उपयोगी पडतात. मध्यंतरी तिथल्या अनेक विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली आणि नंतर आणखी काही नामांकित विद्यापीठं त्याच वाटेने गेली. भारतातली काही खासगी विद्यापीठंही हे गुण विचारात घेतात. पण तुमचं ध्येय फक्त जेईई, नीट किंवा महाराष्ट्राची सीईटी असेल, तर सॅटच्या मागे लागू नका. आमच्याकडे आलात तरी आम्ही हेच सांगू.

परीक्षेचे दोन भाग आहेत: वाचन-लेखन आणि गणित. प्रत्येकी २०० ते ८०० गुण, एकूण १६००. आपल्याकडची विज्ञान शाखेची मुलं सीईटीच्या तयारीमुळे गणितात बऱ्यापैकी तयार असतात. वाचन-लेखन मात्र ‘इंग्रजी तर येतंच’ म्हणून शेवटच्या महिन्यावर ढकललं जातं. दोन्ही भागांना गुण सारखेच आहेत. शिवाय गणितात वर जायला जागा थोडीच उरलेली असते, इथे ती भरपूर असते. म्हणून आम्ही फक्त याच विभागाचा सराव घेतो.

पेपर कसा असतो

परीक्षा संगणकावर होते, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये. भारतासह अमेरिकेबाहेर ती २०२३ पासून डिजिटल झाली, अमेरिकेत २०२४ पासून. वाचन-लेखनाचे दोन टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यात २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला साधारण ७१ सेकंद. पूर्वीसारखे पानभर उतारे आता नाहीत. २५ ते १५० शब्दांचा छोटा उतारा आणि त्यावर एकच प्रश्न, चार पर्याय. कधी विज्ञानातला प्रयोग, कधी इतिहास, कधी जुन्या कादंबरीतला परिच्छेद, तर कधी कविताही येते.

पहिला टप्पा कसा सोडवला, त्यावरून दुसरा सोपा द्यायचा की अवघड हे ठरतं. सोपा दुसरा टप्पा वाट्याला आला तर वरचे गुण हाताबाहेर जातात. त्यामुळे पहिल्या टप्प्यात घाईने केलेल्या चुका महाग पडतात. टप्प्याच्या आत मागे-पुढे जाता येतं, प्रश्नावर खूण करून नंतर परतता येतं. टप्पा संपला की मात्र तो बंद.

एक गोष्ट जेईई किंवा नीटची तयारी करणाऱ्यांना मुद्दाम सांगावी लागते: इथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शंका असेल तर प्रश्न सोडून द्यायची तिकडची सवय इथे नुकसान करते. एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

उत्तर उताऱ्यातच असतं

या विभागाबद्दल आम्हाला एकच गोष्ट सांगायची असती, तर ती ही. एक नमुना पाहा. परीक्षा इंग्रजीत असली तरी विचाराची पद्धत कळावी म्हणून हा आम्ही मराठीत तयार केला आहे.

‘१९०२ च्या जाहीरनाम्याने करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. पण कचेरीतलं बरंचसं काम लिहिता-वाचता येणाऱ्यालाच जमतं. १९१७ मध्ये याच संस्थानाने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा आदेश काढला. यावरून असं म्हणता येईल की ______’

अ) शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली.
ब) १९०२ चा जाहीरनामा फसल्यामुळे १९१७ चा आदेश काढावा लागला.
क) दुसऱ्या आदेशामुळे पहिल्या आदेशाचा लाभ घेऊ शकणारे लोक वाढण्याची शक्यता निर्माण झाली.
ड) सक्तीच्या शिक्षणाचा विचार देशात सर्वांत आधी करवीर संस्थानात झाला.

कोल्हापूरच्या मुलाचा हात सगळ्यात आधी ‘अ’कडे जातो. विधान शंभर टक्के खरं आहे. दसरा चौकाच्या आसपास वाढलेल्या मुलाला ते वेगळं सांगावंही लागत नाही. पण उताऱ्यात वसतिगृहाचा शब्दही नाही, म्हणून ते उत्तर नाही. ‘ब’ मध्ये जाहीरनामा फसला असं गृहीत धरलंय. उतारा फक्त एक अडचण दाखवतो, अपयश सांगत नाही. ‘ड’ मध्ये ‘सर्वांत आधी’ अशी तुलना आहे. उताऱ्यात दुसऱ्या कुठल्या संस्थानाचं नावही नाही, आणि खऱ्या इतिहासात बडोद्यात हे काम आधीच सुरू झालं होतं. उरतो ‘क’. जागा आहेत, त्या भरायला शिक्षण लागतं, आता शिक्षण सक्तीचं झालं. उतारा जेवढं म्हणू देतो तेवढंच हा पर्याय म्हणतो, तेही ‘शक्यता’ असा जपून शब्द वापरून.

सॅटचे चुकीचे पर्याय बहुतेक वेळा याच तीन प्रकारांत बसतात: खरा पण उताऱ्याबाहेरचा, उताऱ्यातल्या गोष्टीला ताणून मोठं करणारा, आणि उताऱ्यातलेच शब्द वापरून भलताच संबंध जोडणारा. आलेख किंवा तक्ता दिलेल्या प्रश्नांत चौथा प्रकार भेटतो. पर्यायातला आकडा तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर असतो, पण ज्या दाव्याला आधार द्यायचा त्याच्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं. हुशार, भरपूर वाचलेली मुलं इथे जास्त अडकतात, कारण त्यांच्याकडे उताऱ्याबाहेरची माहिती जास्त असते.

गाळलेल्या जागी शब्द भरायच्या प्रश्नालाही हीच शिस्त लावा. चारही पर्याय हाताने झाका, वाक्य वाचा, रिकाम्या जागी स्वतःचा साधा शब्द ठेवा. मराठी शब्द मनात आला तरी चालतो. मग हात काढा आणि त्याच्या जवळचा पर्याय शोधा. शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करून घेणं आम्ही टाळतो. परीक्षेत शब्द बहुधा ओळखीचेच असतात, त्यांचा त्या जागचा अर्थ वेगळा असतो, आणि तो यादीतून कळत नाही.

व्याकरण: मराठी कानाला न खटकणाऱ्या चुका

या प्रश्नांवर आमचा सर्वांत जास्त वेळ जातो, आणि तो सार्थकी लागतो. नियम मोजके आहेत, पक्के आहेत आणि पुन्हापुन्हा तेच येतात. घरात मराठी बोलणाऱ्या मुलांच्या चुका ठरावीक जागी होतात, कारण मराठीत तीच वाक्यं बिनचूक असतात.

‘पाऊस थांबला, आम्ही निघालो.’ मराठीत यात काही वावगं नाही. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा, नाहीतर स्वल्पविरामापुढे ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ सारखं उभयान्वयी अव्यय हवं. ‘हाउएव्हर’ हे तसं अव्यय नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्यं असतील तर आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम आणि नंतर स्वल्पविराम लागतो. अपूर्णविरामाचा नियम आणखी सोपा: त्याच्या डावीकडे पूर्ण वाक्य असलंच पाहिजे, उजवीकडे यादी असो, एखादा शब्द असो की वाक्य.

‘रंकाळ्यावर फिरताना अंधार पडला.’ आपण रोज असं बोलतो. फिरणारा कोण हे ऐकणाऱ्याला कळतं. सॅटच्या इंग्रजीत या रचनेचा अर्थ ‘अंधार फिरत होता’ असा धरला जातो. वाक्याची सुरुवात अशा क्रियेने झाली, तर स्वल्पविरामानंतर लगेच ती क्रिया करणारा यायला हवा. हा एक नियम कळला की चारपैकी तीन पर्याय अनेकदा पहिल्या दोन शब्दांतच बाद होतात.

तिसरी जागा क्रियापदाची. ‘तिने आंबा खाल्ला, तिने भाकरी खाल्ली.’ मराठीत इथे क्रियापद कर्माकडे पाहून बदलतं. इंग्रजीत ते फक्त कर्त्याकडे पाहतं. परीक्षक कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये मुद्दाम लांब शब्दसमूह घालतात. ‘उद्यमनगरातल्या जुन्या फाउंड्रींच्या मालकांची यादी’ असा कर्ता असेल तर क्रियापद एकवचनी, कारण कर्ता ‘यादी’ आहे, ‘मालक’ नाहीत. मधला मजकूर बोटाने झाकून वाचा.

जोडशब्द आणि टिपणांचे प्रश्न

दोन वाक्यांमध्ये कोणता जोडशब्द बसेल असं विचारलं, तर पर्याय पाहण्याआधी त्या वाक्यांचं नातं मराठीत सांगा: ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘शिवाय’ की ‘उदाहरणार्थ’? नातं ठरलं की उत्तर मिळालं.

टिपणांच्या प्रश्नात एखाद्या विद्यार्थ्याने काढलेल्या चार-पाच नोंदी असतात आणि त्यांतून विशिष्ट हेतूसाठी वाक्य निवडायचं असतं. आधी हेतू वाचा. पर्याय सहसा सगळेच खरे असतात, हेतू पुरा करणारा एकच. ‘रंकाळा माहीत नसलेल्या वाचकाला त्याची ओळख करून द्या’ असा हेतू असेल, तर रंकाळा कुठे आहे आणि काय आहे हे सांगणारं वाक्य हवं. तिथल्या पाण्यावर झालेल्या अभ्यासाचं वाक्य कितीही भारदस्त असलं तरी ते नको.

चुकांची वही

आमच्याकडचा सराव म्हणजे काय, याचं उत्तर या वहीत आहे. रोज शंभर प्रश्न सोडवून नुसते गुण मोजणारी मुलं बराच काळ एकाच जागी अडकतात. त्याऐवजी २७ प्रश्नांचा एक संच घड्याळ लावून सोडवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त वेळ चुका तपासायला द्यायचा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली स्वतःच्या शब्दांत लिहायचं: मी काय निवडलं, ते मला का पटलं, उताऱ्यातला कोणता शब्द ते खोडतो. अंदाजाने बरोबर आलेला प्रश्नही वहीत यायलाच हवा. मराठीत लिहिलं तरी चालेल. ‘गडबडीत चुकलं’ हे कारण आम्ही मान्य करत नाही. कुठला शब्द नजरेतून सुटला ते लिहा.

वही थोडी भरली की मुलाला स्वतःलाच दिसायला लागतं: कुणी प्रत्येक वेळी ताणलेला पर्याय निवडतो, कुणाला अर्धविराम समजलेलाच नाही, कुणी प्रश्नच अर्धा वाचतो. त्यापुढचा सराव त्या एका दुखण्यावर करायचा. दोन-तीन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा सोडवायचे.

पालकांना विनंती: ‘आज किती सोडवले?’ याऐवजी ‘आज वहीत काय लिहिलंस?’ असं विचारा. इंग्रजी येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि मुलाला तो समजावून सांगावा लागला की त्याचा तो मुद्दा पक्का होतो.

साहित्य

ब्लूबुकमध्येच पूर्ण सराव चाचण्या विनामूल्य आहेत. परीक्षेच्या सगळ्यात जवळ जाणारं साहित्य तेच. त्या मोजक्या असल्यामुळे सुरुवातीलाच संपवू नका: एक आरंभी, बाकीच्या परीक्षेआधीच्या आठवड्यांत. रोजच्या सरावाला कॉलेज बोर्डाची (ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेची) प्रश्नपेढी आणि खान ॲकॅडमी हे शिकवणीचं संकेतस्थळ, दोन्ही मोफत. बाजारात मिळणाऱ्या जाड पुस्तकांपैकी लांब उताऱ्यांची पुस्तकं जुन्या परीक्षेची आहेत, ती घेऊ नका.

वाचनाला पर्याय नाही. १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावात आहे. जुन्या वळणाचं इंग्रजी गद्य आणि कविता वाचायची सवय तिथे जाऊन लावून घ्या, कारण मुलं सर्वांत जास्त बिचकतात ती त्याच उताऱ्यांना. रोज एक वैचारिक लेख वाचा आणि त्याचा मुद्दा एका वाक्यात मराठीत सांगा. अख्खा उतारा मनात भाषांतरित करू नका, ७१ सेकंदांत ते बसत नाही. मराठी किंवा सेमी माध्यमातल्या मुलांनी या विभागाला घाबरण्याचं कारण नाही. उतारा वाचून त्याच्याच आधाराने उत्तर देण्याची सवय शाळेपासूनची आहे, ती इथे कामी येते.

आमच्याकडे येताना

गट लहान ठेवतो, कारण प्रत्येकाची वही शिक्षकाने स्वतः वाचायची असते. फी घेण्याआधी एक पूर्ण चाचणी विनामूल्य देऊन बघा. तिच्या निकालावरून तुम्हाला वर्गाची गरज आहे की घरचा अभ्यास पुरेल, ते स्पष्ट सांगू. गुणांची हमी आम्ही देत नाही. अकरावीच्या सुट्टीत सुरुवात केली तर बारावीच्या बोर्डाशी ओढाताण होत नाही. परीक्षेची नोंदणी करताना केंद्र कोणत्या शहरात मिळतंय ते आधी पाहा आणि बाहेरगावचं असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा.

पहिल्या चाचणीला येताना ज्यावर परीक्षा देणार तोच लॅपटॉप किंवा टॅबलेट पूर्ण चार्ज करून आणा, त्यावर ब्लूबुक आधीच टाकून ठेवा, आणि सोबत एक कोरी दोनशे पानी वही घ्या.