बेळगाव सीमाभाग : पाऊस, बाजार आणि 1956 ची रेघ

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाची बातमी आली की बेळगाव जिल्हा म्हणजे फक्त भाषेचं भांडण, असा बाहेरच्यांचा समज होतो. इथल्या माणसाचं रोजचं गणित मात्र पाऊस आणि बाजार यांवर चालतं. ते ठाऊक नसेल तर वादही अर्धाच कळतो.

क्षेत्रफळात हा कर्नाटकातला सगळ्यात मोठा जिल्हा, 13,415 चौरस किलोमीटरचा. पश्चिमेचा खानापूर तालुका सह्याद्रीला टेकलेला. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते, तर त्याच तालुक्यात देगावच्या रानातून निघालेली म्हादई गोव्याकडे उतरते. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक-गोव्याचं जुंपलं आहे, ते या शेजारामुळेच. कणकुंबीत धो धो कोसळत असताना पूर्वेच्या अथणीकडे लोक पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. म्हणून खानापूर-बेळगावकडे भात, पूर्वेला ज्वारी आणि उत्तरेच्या कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठाने ऊस नि तंबाखू. घटप्रभेवरचं हिडकल आणि मलप्रभेवरचं नविलुतीर्थ ही धरणं झाल्यावर पूर्वेलाही पाटाचं पाणी गेलं.

राज्यं आली नि गेली. हलशी ही कदंबांची राजधानी होती. सौंदत्तीच्या रट्टांनी पुढे बेळगावात बस्तान हलवलं, किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) त्यांच्याच काळातली, 1204 ची. मग यादव, बहामनी, आदिलशाही, पेशवाई आणि 1818 ला इंग्रज. 1824 मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्माने वारसाच्या प्रश्नावरून इंग्रजांशी लढाई दिली. तिचा सेनानी संगोळी रायण्णा याला 1831 साली नंदगडला फाशी दिलं. नंदगड हे मराठी बोलणारं गाव, रायण्णा कन्नड मुलखाचा वीर. त्याच्या समाधीवर डोकं टेकवताना भाषा कोणी विचारत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं.

जिल्हा म्हणून बेळगाव धारवाडपासून वेगळं झालं 1836 मध्ये, मुंबई इलाख्यात. पण नकाशा म्हणजे ठिगळांची गोधडी होती. रामदुर्ग वेगळं संस्थान, रायबाग कोल्हापूरकरांचं आणि बेळगावला खेटून असलेलं विणकरांचं शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं. आज शहापूर शहरातच आहे. मध्ये एकेकाळी संस्थानची हद्द होती असं सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही.

कारखानदारीही इथे लवकर आली. गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मीटर खाली कोसळते. त्या पाण्याच्या जोरावर 1880 च्या दशकात तिथे सूतगिरणी उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 ला बेळगावात सायकलींचं दुकान घातलं आणि पुढे लोखंडी नांगर इथेच घडवला. नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी त्यांची जागा हवी झाली, तेव्हा ते औंध संस्थानात गेले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. बेळगावने तेवढा एक उद्योग घालवला; उद्यमबागेतल्या फाउंड्री बघितल्या की लोखंडाचा हात मात्र शहरात टिकला असं वाटतं.

निपाणीची गोष्ट वेगळी. बिडीचा तंबाखू म्हणजे निपाणी, असं समीकरण होतं. शेतकऱ्याने शेंडे खुडायचे, पान वाळवायचं आणि माल वखारीत न्यायचा. तिथे प्रत काय ठरेल, भाव काय मिळेल आणि पैसे कधी हातात पडतील, हे व्यापाऱ्याच्या मर्जीवर. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका दिवसभर खकाण्यात, नाकातोंडाला पदर बांधून. घरोघरी बिड्या वळणाऱ्यांना मजुरी हजार बिड्यांमागे, त्यातही खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे पदरात पडत नसत. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या देऊन बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला, 12 शेतकरी गेले. मराठी आणि कन्नड बोलणारे त्या रस्त्यावर खांद्याला खांदा लावून होते. सीमाभागाच्या इतिहासात या आंदोलनाला मिळतो त्याहून मोठा मान मिळायला हवा, असं मला वाटतं.

आता रेघेचं. 1946 ला बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दहा वर्षांनी राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळून अख्खा जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. महाराष्ट्राचं म्हणणं : गाव हा घटक धरा, सलगता आणि भाषिक बहुसंख्या बघा, लोकेच्छा विचारा. केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 कर्नाटकाला द्यायला सांगितली, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने तो अंतिम मानला. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इकडे 2012 मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, 2014 ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. दर 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन.

महाराष्ट्रात राहिलेल्या चंदगडचा माणूस मात्र लग्नाच्या कापडाला, मोठ्या दवाखान्याला अजून बेळगावच गाठतो, कारण कोल्हापूर त्याला लांब पडतं. इकडे चिकोडी-निपाणीचा ऊस, दर बरा दिसला की, सरळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्याच्या काट्यावर जातो.