गोंद की सावली? स्टिकर काढल्यावर गाडीवर उरतं ते काय

गाडी विकायची ठरते, डिकीवरचं ‘आईचा आशीर्वाद’ सोलून निघतं, आणि तीच अक्षरं पत्र्यावर पुन्हा दिसायला लागतात. शेजारून सल्ला तयार असतो: ‘गोंद राहिलाय, थिनर मार.’ दर वेळी उरलेला डाग गोंदाचाच असतो असं लोक धरून चालतात आणि धडधाकट रंग घासून घालवतात. हे पाहून आता खरोखर वाईट वाटतं.

गोंद सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बोटाला चिकटतो, धूळ धरून काळा पडतो. हेअर ड्रायरने पत्रा हाताला सोसेल इतपत गरम करा. मग ड्रायर बाजूला ठेवून रॉकेल किंवा रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन लावलेलं फडकं पाचेक मिनिटं तिथे धरा, मऊ झालेला गोंद जुन्या प्लास्टिक कार्डाने ढकला, शाम्पूने धुवा. ब्लेड नको. भांड्यांची हिरवी घासणी तर मुळीच नको.

गोंद नसतानाही अक्षरांचा जो ठसा दिसतो, त्या सावलीचं मात्र तसं नाही. ती रंगावर बसलेली नसतेच. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा उघडा रंग अतिनील किरणांनी निस्तेज होतो, स्टिकरखालचा झाकलेला राहतो. म्हणजे जी अक्षरं डाग वाटतात तिथला रंग मूळचा, शाबूत आहे. बिघडलाय तो भोवतालचा. हे उलटं गणित लक्षात येत नाही, म्हणून माणूस नेमका चांगल्या जागेवर तुटून पडतो.

त्यात रॉकेल फसवतं. ओलं फडकं फिरवलं की सावली खरंच दिसेनाशी होते. निस्तेज रंगाचा पृष्ठभाग बारीक खरबरीत असतो, त्यावर उजेड विखुरतो. तेल त्या खाचा भरतं आणि सगळा पत्रा एकसारखा गडद दिसतो. तेल उडालं की अक्षरं परत हजर. घासणाऱ्याला वाटतं, निघत आलंय, जरासंच राहिलंय. मग रॉकेलवरून पेट्रोल, पेट्रोलवरून थिनर.

म्हणून निर्णय कधीही ओल्या पत्र्यावर करू नका. धुवा, पूर्ण वाळू द्या, डोळे मिटून बोट फिरवा. बोट अडलं किंवा चिकटलं तर गोंद. अक्षरांवर गुळगुळीत आणि बाहेर खरबरीत लागलं तर सावली. दोन्ही एकत्रही असतात. आधी गोंद काढा, मग पुन्हा बघा.

सावलीचा उपाय भोवताली करायचा असतो. अख्ख्या पॅनलवर बारीक रबिंग कंपाऊंड (निस्तेज थर घासून काढणारी पेस्ट), त्यावर पॉलिश, मग वॅक्स. हात हलका ठेवा. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ, आणि ऊन अडवणारं रसायन त्यातच असतं.

थिनरला माझा ठाम विरोध आहे. कारखान्यातला रंग सुमारे १४० अंशांच्या भट्टीत पक्का झालेला असतो, तो एखादा हात कदाचित सोसेल. पण डेंटिंग-पेंटिंगवाल्याने एन.सी. (नायट्रोसेल्युलोजचा, भट्टीविना हवेत वाळणारा) रंग मारला असेल, तर थिनर त्याचंच विरघळवणारं द्रव्य आहे. फडक्याबरोबर रंग उतरतो. सेकंडहँड गाडीचा कुठला पॅनल बाहेर रंगवलाय हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. शेजारी हेडलाइट असेल तर त्याच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवर थिनरने बारीक तडे पडतात.

कंपाऊंड आधी वीतभर जागेवर मारून बघा. काहीच फरक पडला नाही, तर क्लिअर कोटखालचा रंगच विटलेला आहे आणि कितीही घासलं तरी तो परत येणार नाही. अशा वेळी दोनच वाटा: पॅनल रंगवून घ्या, नाहीतर त्याच जागी थोडं मोठं स्टिकर लावा.